पावसात चूल पटकन पेटवायची असेल तर

पावसाळ्यात सरपण ओलसर होतं आणि चूल नुसती धुमसते. डोळे चुरचुरतात, अर्धी काडेपेटी संपते, पाणी मात्र तापत नाही. लाकडातलं पाणी १०० अंशांना उकळून निघून जाईपर्यंत ते पेट घ्यायच्या उष्णतेला पोचतच नाही, म्हणून फुंकणी मारून दमण्याआधी एवढं करा:

१. जाड ओंडका कोयत्याने उभा फोडा. साल भिजलेली असली तरी जुन्या लाकडाचा गाभा बहुधा कोरडा असतो. त्याच गाभ्याच्या बोटाएवढ्या ढलप्या काढा.

२. खाली सुकी झावळी किंवा नारळाच्या सोडणाचा पिंजलेला काथ्या, त्यावर ढलप्या आडव्या-उभ्या रचा. मधे फट हवीच. गच्च भरलेली चूल गुदमरते.

३. काडी खालून लावा, ज्वाळा वर चढते. ढलप्या चांगल्या पेटल्यावर करवंटीचे दोन तुकडे टाका; ते जोरात जळतात. मग मोठी लाकडं, एकेक करून.

४. आधी राख काढायला विसरू नका, नाहीतर खालून वारा मिळत नाही.

उद्याची लाकडं आज रात्री चूल विझल्यावर तिच्या कडेला उभी करून ठेवा. उरलेल्या उबेवर बरीच सुकतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

धुमसत्या चुलीवर रॉकेल कधीच ओतू नका. निखाऱ्यांवर त्याची वाफ होते आणि भडका थेट हातातल्या बाटलीपर्यंत येतो.