मृग बहाराची कामे, मे महिन्याचे ऊन आणि मूत्रपिंडे

सांगोला, पंढरपूर, मोहोळ भागात डाळिंबाचा मृग बहार (पावसाच्या तोंडावर झाडाला फुलवून घेतलेले पीक) धरणाऱ्यांची छाटणी, खते, पाने गळवण्याची फवारणी ही कामे ऐन उन्हाळ्यात येतात. पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि अलीकडे रात्रीही उकाडा हटत नाही, त्यामुळे पत्र्याच्या घरात झोपणाऱ्याचे अंग निवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०३० ते २०५० या काळात हवामान बदलामुळे जगात दरवर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होतील. उष्णतेचा ताण हे त्यातले एक कारण.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे तरुणपणीच निकामी होऊ लागली. अनेकांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. रोज उन्हात राबणे आणि अंगातले पाणी आटणे हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. आपल्याकडे तसे होऊ द्यायचे नसेल, तर यंदापासूनच कामाच्या वेळा बदला.

छाटणी दिवस उगवताच सुरू करा, अकराच्या आत थांबा, उरलेले काम चारनंतर करा. मजुरी मात्र पूर्ण द्या, नाहीतर माणसे सुट्टी घेणार नाहीत. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, जेवणासोबत मीठ घातलेले ताक घ्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतेय. शेतात आडोसा नसल्याने बायका पाणी पिणेच टाळतात. चार बांबू आणि जुनी ताडपत्री लावून आडोसा करून द्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. अंग दुखते म्हणून उपाशीपोटी, पाणी न पिता वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्या मूत्रपिंडांवर घाव घालतात.

नव्या मजुराला पहिला आठवडा हलके काम द्या. घामेजल्या कातडीतून औषध लवकर अंगात शिरते, म्हणून फवारणी पहाटेच उरका.

कुणी बरळू लागला, तोल गेला, अंग भाजल्यासारखे तापले तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.