विनाचालक गाड्यांचा चौक संगणकावर उभारताना या चुका टाळा

वर्धा जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासतो, आणि 'सुमो' या वाहतुकीची संगणकावर नक्कल करणाऱ्या मोफत जर्मन प्रणालीत विनाचालक गाड्यांचा चौक उभारणारा एक तरी गट दरवर्षी त्याच चुका घेऊन येतो. टेक्सास विद्यापीठातील ड्रेस्नर आणि स्टोन यांनी २००४ साली मांडलेली कल्पना मुलांना फार आवडते: सिग्नल काढायचा, चौकाचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक गाडीने पोहोचण्यापूर्वीच आपल्या वाटेवरचे चौकोन ठरावीक क्षणांसाठी राखून घ्यायचे.

सर्वांत घातक चूक गायब होणाऱ्या गाड्यांची आहे. एखादी गाडी ३०० सेकंद अडकून राहिली, की सुमो तिला उचलून पुढच्या रस्त्यावर जागा मिळेल तिथे ठेवते. हे मूळ सेटिंग कुणी बदलत नाही, कारण कुणी ते वाचतच नाही. मागच्या वर्षी एका गटाने हिंगणघाटच्या एका चौकाचा नकाशा घेऊन, सरासरी खोळंबा जवळजवळ संपल्याचे तक्ते आणले. मी त्यांना बाजार समितीकडे कापूस घेऊन निघालेली एक बैलबंडी त्यात घालायला लावली, जिच्याकडे जागा राखण्याचे कोणतेही साधन नव्हते. बंडी चौकाच्या तोंडाशी थांबली, मागे रांग लागली, आणि पाच मिनिटांनी ती पडद्यावरून नाहीशी होऊन चौकापलीकडे दिसली. मुलांना तो पडद्याचा दोष वाटला. प्रत्यक्षात काम लवकर उरकावे म्हणून त्यांनी सुमोच्या इशाऱ्यांची नोंदच बंद ठेवली होती. ती सुरू केल्यावर बंडी नसलेल्या जुन्या चाचण्यांतही उचललेल्या गाड्यांची लांबलचक यादी निघाली. ३०० सेकंदांची ती मर्यादा उणे एक करून उचलणे थांबवले, तेव्हा चौक तुंबला आणि दोन महिन्यांचे तक्ते टाकून द्यावे लागले. तेव्हापासून मी वहीतला हिशेब जुळल्याशिवाय एकही आलेख पाहत नाही: सोडलेल्या गाड्या म्हणजे पोहोचलेल्या अधिक रस्त्यावर उरलेल्या, आणि उचललेल्या शून्य.

बंडी, ट्रॅक्टर आणि पायी जाणारा माणूस यांना वगळून चौक सुरळीत चालवणे मला मान्य नाही. माणसांच्या गाड्यांसाठी सिग्नल ठेवावा आणि विनाचालक गाडीला राखीव जागा मिळाली तर लाल दिव्यातही जाऊ द्यावे, अशी तोड ड्रेस्नर आणि स्टोन यांनीच पुढे सुचवली आहे, ती वापरावी.

'एकही धडक झाली नाही' हे वाक्य अहवालात लिहिण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, की चौकाच्या आतल्या धडका सुमो सांगितल्याशिवाय तपासत नाही. शिवाय सुमोत वेळ ठरावीक पायऱ्यांनी पुढे सरकते; ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाच्या पायरीत ११ मीटर सरकते, त्यामुळे पाच मीटरच्या दोन गाड्या एकमेकींच्या आरपार गेल्या तरी कळत नाही. मी पायरी ०.१ सेकंदाची ठेवतो. चाचणीला रात्र लागली तर लागू द्यावी.

नकाशा डाव्या बाजूच्या वाहतुकीचा आहे ना, हे आधी पाहावे. चौकोन राखण्याच्या मागणीला उत्तर आले नाही, तर गाडीने थांबायलाच हवे. ताशी ४० किलोमीटर वेगात सौम्य ब्रेक लावून थांबायला सुमारे २१ मीटर लागतात, म्हणून परवानगी त्याआधीच मागावी.

इतरांचा तयार कोड आणून पहिल्याच दिवशी हजार गाड्या सोडणाऱ्यांना मी परत पाठवतो. प्रथम एकच गाडी, मग आडव्या दिशेने दुसरी. त्या दोघींचे चौकोन आणि वेळा कागदावर मांडून दाखवल्याशिवाय मी तिसरी सोडू देत नाही.