घरात जर्मन आणा, पण मुलांशी मराठीच बोला

श्टुटगार्टात नवीन आलेली मराठी कुटुंबं गणपतीत भेटली, की पहिला प्रश्न किटाच्या, म्हणजे पाळणाघर-बालवाडीच्या, जागेचा आणि दुसरा ठरलेला: "आता घरी मुलांशी जर्मन बोलायला लागू का?" माझं उत्तर ठाम आहे. लागू नका. पुस्तकांतून, टीव्हीतून, खेळण्यांतून घरात भरपूर जर्मन येऊ दे, पण तुमच्या तोंडून मराठीच. ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, जर्मनमध्ये मुलाला "ये, जेव, झोप" एवढंच सांगता येतं. त्यात गोष्ट सांगता येत नाही, समजूत काढता येत नाही, धड रागावताही येत नाही. किटातल्या शिक्षिकाही बहुतेक हेच सांगतात: घरची भाषा पक्की ठेवा, जर्मनचं आम्ही बघतो.

शिवाय मराठी इथे कामालाही येते. जर्मनमध्ये २१ म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', आधी एक, मग वीस. फक्त इंग्रजीत आकडे शिकलेली मुलं इथे गडबडतात, बेचाळीस ऐकून २४ लिहितात. घरात एकवीस, बेचाळीस, सदुसष्ट कानावर पडत असेल तर हा क्रम नवा वाटत नाही. 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं, तेही आपल्या अंगवळणी पडलेलंच. लिंगं आपल्याकडेही तीन, मात्र जुळतील या भरवशावर राहू नका. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, सुरी मात्र जर्मनमध्ये नपुंसकलिंगी. नाम पाठ करायचं ते लिंग दाखवणाऱ्या 'देअर, दी, दास'सकटच.

आता सामान. पैसे खर्च करण्याआधी गावातल्या वाचनालयात जा. मुलांचं कार्ड बहुतेक शहरांत फुकट असतं. तिथे पुस्तकांबरोबर खेळ, सीडी आणि पुष्कळ ठिकाणी टोनीच्या बाहुल्याही मिळतात. टोनीबॉक्स म्हणजे एक मऊ, चौकोनी स्पीकर. त्याच्या डोक्यावर बाहुली ठेवली की गोष्ट सुरू होते. पडदा नाही, त्यामुळे तीन वर्षांचं पोरही स्वतः चालवतं. त्याच्या 'क्रिएटिव्ह टोनी' नावाच्या बाहुलीत आपला आवाज भरता येतो. पुण्याची आजी फोनवरून गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते आणि एकाच डब्यात जर्मन आणि मराठी दोन्ही नांदतात. टिपटॉय हे बोलणारं पेन. पुस्तकातल्या गाईवर टेकवलं की ते जर्मनमध्ये गाईबद्दल सांगतं. पेन आणि पुस्तकं किटाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, म्हणजे फ्लोमार्क्टमध्ये, निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. फक्त प्रत्येक पुस्तकाची फाइल आधी पेनात उतरवून घ्यावी लागते, नाहीतर पेन मुकं राहतं आणि पोर भोकाड पसरतं.

पिक्सी पुस्तकं मात्र विकत घ्या. दहा बाय दहा सेंटिमीटरची, पातळ, अगदी स्वस्त. १९५४ पासून निघताहेत. डायपरच्या बॅगेत चार टाकून ठेवा. डॉक्टरकडे ताटकळताना तीच उपयोगी पडतात. ती मोठ्याने वाचताना आपले उच्चार चुकले तरी बिघडत नाही. एक युक्ती सांगते: जर्मन 'झेड'चा उच्चार चमच्यातल्या च सारखा करा. हिंदीवाल्यांना हा च मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला आयता मिळालाय.

टीव्हीवर रविवारी सकाळी 'मूषिका', म्हणजे 'डी झेंडुंग मिट देअर माउस'. १९७१ पासून चालू आहे. केशरी उंदरी स्वतः बोलत नाही, पण मधल्या फिल्ममध्ये पेन्सिल कशी बनते, विमान कसं उडतं हे शांत आवाजात, हातात वस्तू धरून दाखवतात. डोळ्यांना दिसतं तेच कानावर पडतं, म्हणून ते आईबाबांनाही कळतं. मुलांबरोबर बसून बघा. झोपायच्या आधी 'झांटमेन्शेन' हा मुलांचा छोटा कार्यक्रम. तुमचं जर्मन ए-टूच्या, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या, आसपास पोचलं, की मुलांच्या बातम्या 'लोगो' सुरू करा. मोठ्यांच्या बातम्यांपेक्षा त्यातून जास्त शिकाल.

शाळेत जाणाऱ्यांसाठी 'आंटोन' हे फुकट अ‍ॅप आहे, त्यात परभाषिक मुलांसाठी वेगळे धडे आहेत. 'आंटोलिन'चं खातं शाळा देते: पुस्तक वाचायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, गुण मिळवायचे. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये चौथीनंतर कुठल्या शाळेत जायचं हे ठरताना जर्मन आणि गणित हेच मुख्य विषय असतात. तिसरीपर्यंत निवांत राहून मग धावपळ करू नका.

खरी अडचण मुलांची नसते, घरी थांबलेल्या जोडीदाराची असते. ब्लू कार्डवाल्यांच्या, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांच्या, नवऱ्या-बायकोला व्हिसासाठी ए-वन लागत नाही, म्हणून पुष्कळजण 'डांके'च्या पलीकडे काही न शिकता येतात. मूल सहा महिन्यांत पुढे जातं आणि डॉक्टरकडे आईचं दुभाषी होतं. ते होऊ देऊ नका. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ-कोर्स आजच लावा: विमानतळावर बॅग हरवलेला स्पॅनिश पोरगा, ए-वन ते बी-वन, म्हणजे पहिली ते तिसरी पायरी, सगळं फुकट. सोबत फोल्क्सहोखशूलेचं, म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्रांचं, लर्नपोर्टल. तेही फुकट आणि तिथे लिहिलेलं खरी माणसं तपासून देतात. इंटिग्रेशन कोर्समध्ये जागा मिळाली तर सोडू नका. त्यात भाषेचे ६०० तास आणि वर १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज असं असतं. ब्लू कार्डवाल्यांनीही टाळाटाळ करू नये. इथे कायम राहायच्या परवान्याला ए-वनवर २७ महिने लागतात, बी-वनवर २१.

आणि किटाच्या दारावरची चिठ्ठी हे तुमचं पाठ्यपुस्तक. "बिट्टे वेक्सेलक्लायडुंग उंट मात्शहोझे मिटब्रिंगेन", म्हणजे बदलायचे कपडे आणि चिखलात खेळायची विजार आणा. फोटो काढा, आधी स्वतः वाचून बघा, अडलं तरच भाषांतराचं अ‍ॅप उघडा. एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, नवरा-बायको दोघंही जा. निम्मं डोक्यावरून जाईल, त्यात इथले काही लोक श्वेबिश या इथल्या बोलीत बोलतील. विषयपत्रिका आधी मागून घ्या, त्यातले शब्द बघून जा, राहिलेल्या शंका दुसऱ्या दिवशी ई-मेलने विचारा. लेखी उत्तर येतं आणि ते सावकाश वाचता येतं.