गंजाचा ठसा घ्या, कोयती परत करा

कापडावर गंजाचा ठसा काढायला फार काही लागत नाही. गंजकं लोखंड, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, व्हिनेगर, हिरड्याची पूड आणि एक प्लास्टिकची पिशवी. यातलं लोखंड मिळवणं आम्हा वेंगुर्लेकरांना सगळ्यात सोपं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं, मीठ ओल धरतं, आणि घाटावर वर्षानुवर्षं काळाभोर राहणारा कडीकोयंडा इथे बघता बघता लाल होतो. बाकीचे लोक त्याला रंग लावतात. मी तसाच ठेवते.

तरी मिळेल ते लोखंड मी घेत नाही. मला हातानं घडवलेलं लागतं, आणि ही नुसती आवड नव्हे. कारखान्यातला तारेचा खिळा कापडावर एक सरळ रेघ सोडतो आणि संपतो. लोहाराच्या कोयतीवर हातोड्याचे खळगे असतात. खळग्यांत गंज दाट साठतो आणि ठशात ते गडद ठिपके होऊन उतरतात. पातं कुठे पातळ केलं, पाठ कुठे जाड ठेवली, मुठीत जाणारं टोक कसं ओढलं, सगळं दिसतं. एका लोहारकाकांना मी असा ठसा दाखवला. कोयती कुणाची ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, कापड उजेडाला धरलं आणि म्हणाले, "गो बाय, ह्या काम माज्या बापाशीचा."

म्हणून माझा पहिला नियम: वस्तू उसनी आणायची, ठसा घ्यायचा, वस्तू परत द्यायची. विकत घेऊन भिंतीवर टांगलेली कोयती कामातून जाते. पडवीच्या कोपऱ्यात पडलेली जुनी कोयती, आडाळ्याचं (विळीचं) पातं, विहिरीच्या रहाटाची कडी, दाराची घडीव बिजागरी, होडीचे चौकोनी खिळे, होडीचाच लहान नांगर. मागितलं तर लोक देतात. आधी हसतात, मग देतात.

काय आणू नये

लोखंडाच्या प्रत्येक लालीवर भरवसा ठेवू नका. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो शाबूत आहे तोवर वर पांढरी भुकटी येते, ठसा येत नाही. वादळात उडालेले जुने पत्रे मात्र कडांना आणि खिळ्यांच्या भोकांपाशी छान गंजलेले असतात, तेवढाच भाग वापरा. जुन्या बोटींवरचा लाल-केशरी रंग हा गंज नव्हे. त्यात शिसं असू शकतं, तो घासू नका, जाळू तर मुळीच नका. चकचकीत मुलामा दिलेले नळ आणि मोटारीचे भागही नकोत. सुटे पापुद्रे असतील तर ते ओल्या ब्रशनं काढा, म्हणजे धूळ नाकात जात नाही, आणि हातमोजे घाला. धनुर्वात गंजामुळे होत नाही, त्याचे जंतू मातीत असतात. पण गंजक्या कडेनं कापलं की मातीच जखमेत जाते. इंजेक्शन घेऊन बरेच दिवस झाले असतील तर आधी घेऊन टाका.

बंदरावर नांगराच्या साखळ्या, कड्या रिकाम्या पडलेल्या दिसतात. त्या रिकाम्या नसतात, कुणाच्या तरी असतात, विचारा. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत, तिथला खिळासुद्धा उचलायचा नाही आणि दरवाज्यावर व्हिनेगरचं फडकं लावून ठसा घ्यायचाही विचार करायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण मला कुणीतरी विचारलं होतं.

कापड आणि हिरडा

जुनं धोतर किंवा पंचा सर्वांत चांगला. नवं कापड घेतलंत तर त्यातली खळ काढावी लागते: मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा, तासभर उकळी, मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. पॉलिस्टर मिसळलेलं कापड ठसा नीट धरत नाही. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी एक धागा जाळून बघा. गोळी झाली तर परत द्या.

आता ठरवा, ठसा केशरी हवा की काळा. नुसत्या कापडावर गंज केशरी-तपकिरी उतरतो, आपल्या जांभ्या दगडाचा रंग. त्यात नवल नाही, जांभ्याची लालीही लोखंडाच्या ऑक्साइडचीच. काळा हवा असेल तर कापडात टॅनिन, म्हणजे झाडाफळांतलं तुरट द्रव्य, पाहिजे. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो यामुळेच, आणि होडीच्या फळीत खिळ्याभोवती जे काळं कडं उमटतं तेही लाकडातलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड भेटल्याची खूण. हिरड्यात टॅनिन भरपूर. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम पूड, कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवा, पिळा, आणि न धुता वाळवा. पिवळट सायीचा रंग येईल. काजूच्या बोंडूचा रसही चालतो. त्याचे डाग निघत नाहीत म्हणून आयांनी आपल्याला लहानपणी बदडलेलं असतं, तोच गुण इथे कामाला येतो. पण रसाचा रंग दर वेळी वेगळा पडतो, पहिल्यांदा हिरडाच घ्या.

ठसा

व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म. कापड त्यात भिजवून पिळा. ओलं हवं, टपकणारं नको. टपकलं की आकार फुटतो आणि सगळी नक्षी एका डागात बुडते. प्लास्टिक पसरा, त्यावर कापड, त्यावर वस्तू. वस्तू कापडाला जिथे टेकेल तिथेच उमटेल, म्हणून दाब महत्त्वाचा. कोयतीचं पातं वाकडं असतं, तेव्हा कापड त्याच्याभोवती गुंडाळून सुतळीनं आवळा; सुतळीच्या पट्ट्या पांढऱ्या राहतात त्या वेगळ्याच सुरेख. सपाट बिजागरीवर दुसरं कापड घाला आणि वर जांभ्याचा चिरा ठेवा. एका वेळी दोन ठसे मिळतात.

पिशवीत बंद करा, पण हवा थोडी राहू द्या. व्हिनेगरनं लोखंड विरघळून धाग्यात शिरतं आणि हवेतल्या ऑक्सिजननं तिथे पुन्हा गंज होऊन बसतं. हवा नाही तर रंग नाही. हिरड्याच्या कापडावर तासाभरात राखाडी सावली दिसू लागते. साध्या कापडाला एक रात्र आणि पुढचा अर्धा दिवस द्या. अधूनमधून कोपरा उचलून बघा, सुकत असेल तर व्हिनेगर-पाणी शिंपडा. एप्रिलमध्ये सारखं शिंपडावं लागतं. जुलैत उलटी अडचण, काहीच वाळत नाही आणि बुरशी धरते. मी हे काम दिवाळीनंतर काढते.

कापड हवं तेवढं रंगलं की थांबा. "अजून एक रात्र ठेवू" हा मोह आवरा. लोखंड सुताचे धागे हळूहळू खातं. लोखंड आणि टॅनिनच्या शाईनं लिहिलेल्या कितीतरी जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत ती त्यामुळे. म्हणून या कापडाची झोळी शिवू नका, भिंतीवरच लावा. आणि घाईवर उपाय म्हणून मिठाचं पाणी घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गंज लवकर येतो खरा, पण मीठ कापडात राहिलं की पावसाळाभर ते चिकचिकीत राहतं.

बादलीभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून कापड अर्धा तास ठेवा, म्हणजे आंबटपणा मरेल. मग साधं पाणी, मग सौम्य साबण. दोन-तीनदा पाणी लाल येईल, नंतर थांबेल. ब्लीच कशालाही लावू नका. व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी वायू निघतो.

काळी रेघ, पांढरी रेघ

ठशावर हातानं रेघ ओढायची असेल तर गंजके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवा. आंध्रात श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर काळ्या रेघेसाठी लोखंड आणि गूळ असंच आंबवतात. पाणी गाळून बांबूच्या काडीनं हिरड्याच्या कापडावर ओढा; काडी फिरते तेव्हा रेघ फिकट असते, थोड्या वेळानं काळी होते. वास येतो. मडकं परसात ठेवा.

उलट, गंज पुसून पांढरी रेघ काढायला आपल्याकडचं बिंबल हे आंबट फळ आहे. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे लोखंडाचे डाग निघतात, जुन्या बायका कपड्यांसाठी ते वापरत. फळ कापून कडेनं घासा, पाच-दहा मिनिटांनी धुवा. हात कापलेला असेल तर नको, चांगलंच झोंबतं.

परतफेड आणि बाकीचे हात

उसनी वस्तू व्हिनेगर लागलेल्या अवस्थेत परत देणं हा अन्याय आहे, ती आठवड्यात सडेल. सोड्याच्या पाण्यानं पुसा, उन्हात तापवा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. कोयती असेल तर मी लोहाराकडून धार लावून आणते. बहुतेक लोहार आता ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून कोयती घडवतात. त्या पोलादाचा गंज जुन्या लोखंडापेक्षा बारीक दाण्याचा उमटतो असं मला वाटतं, आणि यावर लोहारकाका माझ्याशी वाद घालतात.

ठसा टांगायला काठी मी चिव्याच्या बांबूची घेते, सुपं-रोवळ्या विणणाऱ्या मावशींकडून. त्यांना फक्त लांबी सांगायची; पेरं कुठे यावं हे त्या ठरवतात आणि त्यांचंच बरोबर असतं. टोकांना लाकडी गोंडे लावायचे तर सावंतवाडीच्या चितार आळीत चौकशी करा. तिथे कातकामाची घासाघीस करू नका. एक गोंडा कातायला किती वेळ लागतो ते उभं राहून बघा, भाव आपोआप पटतो. ठशामागे मी कापडाचा तुकडा शिवते आणि त्यावर लिहिते: कोयती कुणी घडवली, काठी कुणी तासली, गोंडे कुणी कातले. माझं नाव शेवटी. विकणारा मध्यस्थ ही चिठ्ठी काढायला सांगतो, कारण गिऱ्हाईक थेट लोहाराकडे जाईल. जाऊ दे की.

एक काम मात्र मी करत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, एकशेवीस पानांचा संच कुणी आणला होता, "जरा जुनाट दिसू दे" म्हणून गंजाचा हात मारायला. कारागिरानं पूर्ण करून हातावेगळं केलेल्या कामावर आपण डाग पाडायचा नाही. संच आणणाऱ्याला मी कोरं कापड दिलं आणि परसातला खिळ्यांचा डबा दाखवला.

ठसा उन्हाच्या थेट तिरिपेत आणि समुद्राकडच्या उघड्या खिडकीसमोर नको. जूनच्या आधी उतरवा, पूर्ण वाळलेला असताना सुती फडक्यात गुंडाळा आणि पांढऱ्या कपड्यांपासून लांब ठेवा. घडी घालू नका, घडीवरच धागा आधी तुटतो. वेळूच्या जाड नळकांड्यावर गुंडाळलेला बरा.