लिस्बनला जाताय? मग आधी जेवणं ठरवा, स्थळं नंतर

लिस्बनच्या बायशा भागातल्या एका छोट्या खानावळीत दुपारी जेवायला बसले होते. पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी वाढप्याला हाक मारून भराभर काहीतरी सांगितलं. त्यातले दोनच शब्द मला कळले, ‘बताता’ आणि ‘पांव’. कळणारच, घरातलेच शब्द ते. बटाटा, पाव, कोबी, अननस, काजू हे सगळे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागले आणि आपल्या स्वयंपाकघरात असे रुळले की ते कधी बाहेरून आले होते हे आपण विसरूनही गेलो.

तेव्हापासून लिस्बनला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते: आधी खाण्याच्या वेळा आणि जागा ठरवा. हे शहर सात टेकड्यांचं म्हणून ओळखलं जातं. स्थळांची यादी घेऊन पळणारा माणूस तिथे अर्ध्या दिवसात दमतो. पण सकाळचा नाश्ता कुठे, दुपारचं जेवण कुठे, संध्याकाळी काय प्यायचं हे पक्कं असलं, की त्या ठिकाणांमधल्या वाटेवरच शहर पाहून होतं. खाली दोन दिवसांचा क्रम देते. तिसरा दिवस हाताशी असेल तर हाच क्रम सैल करा, नवीन काही कोंबू नका.

निघण्याआधी

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ धरा. ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही नकोसं होतं. मासे खाणाऱ्यांनी जूनच साधावा. १३ जूनला संत अँटनीचा सण असतो आणि १२ च्या रात्री जुन्या वस्त्यांमध्ये गल्लोगल्ली शेगड्या लागतात, सार्डिन भाजले जातात. अख्खा भाजलेला मासा पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. मासा हाताने सोडवून खायचा आणि त्याच्या तेलाने भिजलेला पाव शेवटी खायचा. तारल्यांचीच जात ही, कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

बूट जुने, सरावाचे आणि तळाला पकड असलेलेच घ्या. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांनी नक्षी करून मढवलेले आहेत. शतकभराच्या पावलांनी ते गुळगुळीत झालेत आणि पावसाची एक सर आली की उतारावर पाय ठरत नाही. बरोबर वडीलधारी माणसं असतील तर याचा विचार सगळ्यात आधी करा.

शहरात मेट्रो, ट्राम, बस, होडी या सगळ्यांना चालणारं एकच कार्ड मेट्रो स्टेशनच्या मशिनवर मिळतं. त्यात २४ तासांचा पास भरून घ्या. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन थेट शहरात येते.

सोमवारी बरीचशी सरकारी स्मारकं आणि संग्रहालयं बंद असतात. रविवारी बऱ्याच छोट्या खानावळी बंद असतात. त्यामुळे हे दोन वार बेतात कुठे येतात ते आधीच बघा. शिवाय काही वास्तू दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा खात्री करा.

पहिली सकाळ: उभ्याने कॉफी, मग चढण

हॉटेलचा नाश्ता सोडा. कोपऱ्यावरच्या कुठल्याही ‘पाश्तेलारिया’त, म्हणजे बेकरी आणि कॉफीच्या दुकानात शिरा आणि काउंटरला टेकून उभे राहा. बाहेर मांडलेल्या टेबलांवर तीच कॉफी बऱ्याचदा महाग पडते. ‘बीका’ म्हणजे दोन घोटांची कडक काळी कॉफी. आपल्याकडच्या दुधाच्या कॉफीची सवय असेल तर ‘गलाँव’ मागा, ती उंच काचेच्या पेल्यात येते आणि तिच्यात दूधच जास्त असतं. चहाला तिथे ‘शा’ म्हणतात, शब्द आपल्या चहाचाच भाऊ. पण येतं ते गरम पाणी आणि पिशवी, दूध वेगळं मागावं लागतं. इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड रुजवली ती याच शहरातून गेलेल्या कॅथरीन राजकन्येने. १६६१ च्या करारात तिच्या हुंड्यात इंग्रजांना मुंबई मिळाली, तीच ही कॅथरीन. कॉफी-चहा दोन्ही नको असेल तर ‘कारिओका द लिमाँव’ मागा. लिंबाची साल गरम पाण्यात टाकून देतात, चढणीआधी फार बरं वाटतं.

काउंटरच्या काचेत तिकोनी तळलेलं काही दिसेल, त्याचं नाव ‘शामुसा’. हो, समोसाच. गोवा आणि आफ्रिकेतल्या वसाहतींमार्गे तो इथे आला आणि आता लिस्बनकरांचा रोजचा खाऊ आहे. शाकाहारी असाल तर आत काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका, बहुतेक वेळा खिमा असतो.

आता मार्तिम मोनिझ चौकातून पिवळी २८ नंबरची ट्राम धरा. सकाळी आठच्या सुमाराला पोचलात तर बसायला मिळेल. दहानंतर रांग लांबते, डब्यात चेंगराचेंगरी होते आणि पाकीटमारांचं फावतं. पूर्ण फेरी मारायची गरज नाही. ग्रासा या टेकडीवर उतरा, तिथल्या सज्ज्यावरून लाल कौलांचं शहर, किल्ला आणि तेजो नदी डोळे भरून पाहा, आणि मग उतार धरून पायी अल्फामात शिरा. वर चढायचं काम ट्रामला, खाली उतरायचं पायांना. लिस्बनमध्ये गुडघे सांभाळायचे तर हाच नियम पाळा.

अल्फामा हे नाव अरबी, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून आलेलं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटीभर साखर देता यावी. दोऱ्यांवर कपडे वाळतात, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरश्या आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या आज्या. इथे नकाशा मिटून ठेवा. तासभर मनसोक्त भटका आणि खाली ‘से’ या मुख्य चर्चपाशी या. ११४७ मध्ये पहिला पोर्तुगीज राजा आफोंसू याने मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या मुस्लिम सत्तेकडून शहर जिंकलं आणि ते बांधायला घेतलं. किल्ल्यासारख्या त्याच्या दोन बुरुजांवरून तो काळ लक्षात येतो.

दुपार: तास्कामधलं जेवण

हा दिवसाचा मुख्य भाग, म्हणून इथे घाई करू नका. ‘तास्का’ म्हणजे घरगुती खानावळ. भिंतीवर पांढऱ्या फरश्या, टेबलावर कागदाचं आच्छादन आणि दारात हाताने लिहिलेला त्या दिवसाचा बेत अशी जागा शोधा. चार भाषांतली, फोटो छापलेली मेन्यूकार्डं हलवत दाराशी बोलावणारा माणूस दिसला तर पुढे चला. साडेबाराला पोचलात तर जागा मिळते, एकनंतर आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं येतात. ‘प्रातू दू दिया’ म्हणजे आजची थाळी. ती ताजी असते आणि स्वस्तही. वाढप भरपूर असतं, म्हणून ‘मेया दोझ’, अर्धा वाढप, मिळतो का विचारा.

बसल्याबसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज असं काही समोर येईल. हे फुकट नसतं. हात लावाल त्याचे पैसे लागतात, नको असेल तर हसून परत द्या, कुणी वाईट मानत नाही. एका भल्या थोरल्या बिलावरून माझी आणि माझ्या बहिणीची याच कारणाने पहिल्या दिवशी चांगली जुंपली होती.

मासे खात असाल तर ‘बाकल्याउ’ खाल्ल्याशिवाय उठू नका. हा खारवून वाळवलेला कॉड मासा. गंमत अशी की कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. शतकानुशतकं तो दूर उत्तरेच्या थंड समुद्रांतून आणला जातो, आणि तरीही तो या देशाचा जिव्हाळ्याचा पदार्थ आहे. दुकानात फळ्यांसारखे रचलेले त्याचे कडक तुकडे पाहिले आणि वास आला, की सुक्या बाजाराची आठवण होते. शिजवण्याआधी तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, तेव्हा मीठ उतरतं. पहिल्यांदा खाताना ‘बाकल्याउ आ ब्राश’ मागवा. माशाचे धागे, कांदा, काडीसारखा बारीक तळलेला बटाटा हे सगळं अंड्यात जेमतेम बांधलेलं असतं, वर काळे ऑलिव्ह आणि पार्सली. अंडं ओलसर राहायला हवं. कोरडं आलं तर त्या स्वयंपाक्याचा हात चुकला समजा.

शाकाहारी मंडळींना लिस्बन अवघड जातं, पण उपाशी कुणी राहत नाही. ‘सें कार्न, सें पैश’, मांस नको, मासे नको, हे दोन्ही सांगा, कारण नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की मासा समोर येतो. ‘काल्दो वेर्द’ हे बटाट्याच्या दाटसर सारात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी भाजी घातलेलं सूप. त्यात वरून सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून आधीच सांगा. आणि मेन्यूवर ‘पेशिन्यूश दा ओर्ता’ दिसलं तर लगेच मागवा. अर्थ ‘मळ्यातले मासे’, पण मासा नावालाही नाही. फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, म्हणजे आपली भजीच. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असायचं तेव्हाचा हा पदार्थ. जपानचा टेंपुरा पोर्तुगीजांच्या अशाच तळणातून आला असं मानतात. पिठात अंडं असू शकतं, तेवढं विचारा.

शेवटी ‘अरोझ दोस’. तांदळाची घट्ट खीर, वर चिमटीने काढलेली दालचिनीची रांगोळी. मला तर बशीत आजीचा हात दिसला.

संध्याकाळ: भूकंपाच्या खुणा आणि एक छोटा पेला

जेवून बायशाच्या सरळ रस्त्यांवरून चालायला लागा. हे रस्ते एवढे आखीव का, याचं उत्तर वर कार्मो मठात आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी लोक चर्चमध्ये, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि जमीन हादरली. मागोमाग नदीतून समुद्राच्या लाटा चढल्या आणि मेणबत्त्या-चुलींच्या आगीने उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. मंत्री पोंबाल याने बायशा नव्याने आखून घेतली, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून, पुढच्या धक्क्यात घरं तगावीत म्हणून. कार्मोच्या चर्चचं छप्पर मात्र पुन्हा घातलं नाही. दगडी कमानी उघड्या आभाळाला टेकलेल्या आहेत आणि खाली गवत. ऊन कलताना इथे अर्धा तास शांत बसा.

मग खाली साँव दोमिंगूश चौकात या. तिथे भिंतीतल्या एका खोलीएवढ्या दुकानात ‘जिंजिन्या’ मिळते, आंबट चेरी दारूत साखरेसह मुरवून केलेलं गडद लाल पेय. हे दुकान १८४० पासूनचं. आत बसायला जागा नाही. काउंटर चिकट, पायाखाली चेरीच्या बिया. दुकानदार विचारतो, ‘कों एलाश ओ सें एलाश?’, चेरी घालून की नुसती? घालूनच घ्या. पेला बोटभर असतो, चौकात उभं राहून घोट घोट प्यायचा, चेरी तोंडात घोळवायची. गोड लागते म्हणून दुसरा-तिसरा पेला मागवू नका, ती चांगलीच चढते. शेजारच्या चर्चमध्ये १९५९ च्या आगीने तडकलेले खांब तसेच ठेवलेत, तेही पाहा. चौकातच १५०६ मध्ये इथे मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. पेला हातात घेऊन त्याच्यापाशी जाऊ नका, आधी किंवा नंतर जा.

दुसरा दिवस: बेलेम

१५ नंबरच्या ट्रामने नदीकाठाने बेलेम या भागात या, तिथल्या मठाचं दार उघडायच्या वेळेलाच. जेरोनिमुश मठाचं बांधकाम १५०१ च्या सुमाराला सुरू झालं आणि त्याला पैसा लागला तो पूर्वेकडून येणाऱ्या मिरी-मसाल्यांवरच्या करातून. म्हणजे इथल्या खांबांवर कोरलेल्या दोरखंडांच्या गाठी, पोवळी, समुद्रवेली यांच्यामागे मलबारची मिरी आहे. चर्चमध्ये दाराशीच वास्को द गामाची समाधी लागते. तो वारला कोचीनला, १५२४ मध्ये, अस्थी नंतर इकडे आणल्या. याच माणसाने १५०२ च्या सफरीत हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज जाळलं होतं. कोरीवकाम जरूर डोळे भरून पाहावं, मीही पाहिलं, पण आपण तिथे उभे राहताना हे ठाऊक असलेलं बरं.

बाहेर पडून डावीकडे थोडं चाललात की निळ्या छपरीचं मिठाईचं दुकान. मठवासी कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा वापरत आणि उरलेल्या पिवळ्याची मिठाई करत, असं सांगतात. १८३४ मध्ये देशातले मठ बंद झाले, आणि १८३७ पासून या दुकानात तीच कृती चालू आहे. रस्त्यावरची लांब रांग पार्सलवाल्यांची असते. तुम्ही आत जा, मागे खोल्यांमागून खोल्या आहेत आणि टेबल बऱ्याचदा लवकर मिळतं.

‘पाश्तेल’, म्हणजे हीच मिठाई, गरम असतानाच खायचा. वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवा, उचला आणि कान देऊन चावा. कवच खाऱ्या चिरोट्यासारखं करकरतं, मग आतलं कोमट कस्टर्ड, वरच्या करपट काळ्या डागांची किंचित कडवट चव. माणशी दोन सांगा. एकाने भागत नाही आणि पुन्हा वाढप्याला गाठेपर्यंत कॉफी निवते.

शेवटची रात्र: फादो

फादो म्हणजे लिस्बनचं हळवं, विरहाचं गाणं. अल्फामात किंवा मोरारिया या जुन्या वस्तीत एखाद्या छोट्या फादो-घरात, म्हणजे जेवता जेवता हे गाणं ऐकायच्या खानावळीत, आधी सांगून जागा धरा. जेवणासह किमान किती बिल होईल ते तेव्हाच विचारा. बारा तारांचं पोर्तुगीज गिटार, सोबत साधं गिटार आणि काळी शाल घेतलेली गायिका, बहुधा माइकसुद्धा नसतो. दिवे मंद झाले की काटा-चमचा खाली ठेवायचा, बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. दोन-तीन गाणी झाली की दिवे लागतात, तेव्हा जेवण पुढे चालू करायचं. शब्द कळत नाहीत म्हणून अडत नाही. गळ्यातला हुंदका कळतो.

कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालतो. परतताना गल्ल्यांत वाट चुकलीच तर उतार धरून चालत राहा, तो नदीकाठच्या मोठ्या रस्त्यावर आणून सोडतो आणि तिथे टॅक्सी मिळते.