जुन्या रुपयाची आरसाझळाळी कशी पारखायची

इतवारीच्या सराफ्यात व्हिक्टोरियाचा चकाकता रुपया दिसला, की मी आधी भाव विचारत नाही. नाणं कडेने धरून छापील कागदाजवळ तिरकं करते. नाण्याच्या कोऱ्या भागात कागदावरची अक्षरं आरशासारखी उमटली पाहिजेत. खरी परीक्षा दहापट भिंगाखाली. टांकसाळीत नाणं पाडायचा ठसाच घासून चकचकीत केला असेल, तर त्यावरचे ओरखडे नाण्यावर उंचवटे होऊन येतात आणि अक्षरांच्या कडेपाशी थांबतात. नंतर कुणी नाणंच घासलं असेल, तर रेघा खोल जातात, राणीच्या गालावरूनही धावतात. असं नाणं मी सरळ परत देते. काटाही लावा: ११.६६ ग्रॅम, झिजलेलं असेल तर किंचित कमी. आणि घरी नेल्यावर चिंच, राख, टूथपेस्ट काही म्हणजे काही लावू नका!