पचमढीला जा पण पाय वाचवा, नागपूरच्या आळशी जोडप्यांसाठी

डोंगरावर जायचं ठरलं की जोडप्यातला एक जण लगेच ट्रेकिंगचे बूट शोधायला लागतो आणि दुसऱ्याचे गुडघे घरूनच दुखायला लागतात. हे सगळं त्या दुसऱ्यासाठी लिहून राहिली आहे, बूटवाल्याने वाचलं तरी चालेल पण मधे बोलू नये.

आधी जागा. चिखलदरा जवळ आहे, पॉइंटपर्यंत गाडी जाते, तिथे कॉफीही पिकते, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अर्धं विदर्भ तिथेच असतं. म्हणून माझं मत पचमढी. नागपूर सी. पी. अँड बेरारची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाची, राजधानी होतं तेव्हा साहेब लोक उन्हाळा आला की कारभार उचलून पचमढीला न्यायचे, म्हणजे नागपुरातून तिथे जाऊन आरामात बसायची परंपरा जुनीच आहे, आपण काही नवीन करून नाही राहिलो.

रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण घाट आहे म्हणून सहा तास धरा, आणि सकाळी तर्री पोहे खाऊन निघायचा मोह होतो तो टाळा, तामियानंतरच्या वळणांवर तर्री वर येते बापा. ज्याला गाडी लागते त्याला पुढची सीट, आणि उलटीची गोळी घाटाच्या अर्धा तास आधी, घाटात नाही.

पोचल्यावर पहिलं काम जिप्सी ठरवायचं. जंगलाच्या हद्दीतल्या पॉइंटांना वनखात्याचं परमिट आणि तिथलीच जिप्सी लागते, आपली कार हॉटेलात उभी राहते, आणि आपल्यासारख्यांसाठी हेच बरं कारण जिप्सीवाला भैया थेट पॉइंटजवळ नेऊन सोडतो. फक्त त्याला आधीच स्पष्ट सांगायचं, भैया पैदल वाला कुछ नहीं. नाहीतर तो उत्साहाने पायऱ्यांच्या तोंडाशी नेऊन उभं करतो आणि मग तिथे दोघांचं भांडण.

आता खरी गंमत. धूपगड म्हणजे सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, 1,350 मीटर, आणि जिप्सी जवळपास माथ्यापर्यंत जाते! म्हणजे मध्य प्रदेशातल्या सगळ्यात उंच जागी उभं राहून फोटो काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा, खाली कॅप्शनमध्ये फक्त उंची लिहायची, कसे गेलो ते कोणी विचारत नाही. सूर्यास्तालाच जा. सूर्योदयही दिसतो तिथून पण सुट्टीत पहाटे कोण उठणार, आणि डिसेंबर-जानेवारीत तर स्वेटर, शाल, कानटोपी सगळं लागतं.

हांडी खोह दरी आहे, कठड्याला टेकून खाली बघायचं, झालं. प्रियदर्शिनी पॉइंटही तसाच सोपा, 1857 मध्ये कॅप्टन फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने हे पठार पहिल्यांदा इथूनच पाहिलं म्हणतात. इथून समोर चौरागड दिसतो आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण घरी गेल्यावर सासूबाई पहिला प्रश्न हाच विचारतात की चौरागडच्या महादेवाला गेले होते का. वर जायला हजाराच्या वर पायऱ्या आहेत, महाशिवरात्रीला लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात, त्यांना माझा नमस्कार. आपण प्रियदर्शिनीवरूनच हात जोडायचे आणि सासूबाईंना सांगायचं, दर्शन छान झालं.

बी फॉल मात्र फसवा आहे. उतरताना मजा येते, पाणी थंडगार, आणि वर येताना त्याच पायऱ्या दुप्पट वाटतात. बूटवाल्याला एकट्याला पाठवा, तुम्ही वर बसून मॅगी किंवा भुट्टा खा, दोघंही खूश. जटाशंकरला पायऱ्या आहेत पण आवाक्यातल्या, गुहेत गारवा असतो, तेवढं जा, नाहीतर समोरचा माणूस म्हणेल तू कुठेच आली नाहीस. तलावात बोटिंग करायचं असेल तर पॅडलवाली घेऊ नका, त्यात चालण्यापेक्षा जास्त पाय दुखतात.

नागपंचमीच्या आसपासचे दिवस सोडा. नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून इतके लोक जातात की खोली मिळणं कठीण, आणि तेव्हा तिकडे जाणारा प्रत्येक जण चालणाराच असतो, मधे आपण दोघंच खुर्चीवर बसलेले, बरं नाही दिसत. एरवी दोन रात्री पुरतात, पण हॉटेल बुक करताना व्हरांडा किंवा अंगण आहे का ते बघा, रूममधल्या टीव्हीपेक्षा ते जास्त कामी येतं कारण दिवसाचे चार-पाच तास तिथेच जाणार आहेत, चहाच्या दुसऱ्या थर्मासचं आधीच सांगून ठेवा.

परतताना जेवण करून लगेच निघा, घाट उजेडात उतरला पाहिजे. आणि सौंसरच्या पुढे गाडी कोण चालवणार ते निघायच्या आधीच ठरवा, कारण तिथवर येईतो बूटवाला बी फॉलच्या पायऱ्यांमुळे घोरत असतो.